बॉयलरच्या पीएलसीत नवीन अ‍ॅनालॉग इनपुट कार्ड बसवायचंय, आधी काय काय तपासू?

हंगामी_इन्स्ट्रुमेंट

नमस्कार मंडळी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. सध्या ओव्हरहॉलिंग चालू आहे. बॉयलर ४५ किलो प्रेशरचा, बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) चालणारा. त्याला सीमेन्सचा एस७-३०० पीएलसी (यंत्रं चालवणारा औद्योगिक कॉम्प्युटर) आहे. ड्रम लेव्हलला (बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याच्या पातळीला) आजवर एकच ट्रान्समीटर (मोजलेला आकडा करंटच्या रूपात पाठवणारं यंत्र) होता. यंदा आणखी दोन लावून तीनपैकी दोनचं ट्रिप लॉजिक (तिघांपैकी दोघांनी धोका दाखवला तरच बॉयलर बंद) करायचं ठरलंय. शिवाय चिमणीकडे जाणाऱ्या गॅसमधला ऑक्सिजन मोजायला नवा अ‍ॅनालायझर आलाय. या सगळ्यासाठी एसएम ३३१ चं आठ चॅनेलचं एक जादा कार्ड (७केएफ०२) मागवलं होतं, ते आलं. रॅकमध्ये उजवीकडे शेवटची जागा मोकळी आहे.

आमचे साहेब म्हणतात, रेलवर अडकव, स्क्रू आवळ, वायरी लाव, अर्ध्या तासाचं काम आहे. अग्निप्रदीपन दसऱ्याला आहे, म्हणजे हाताशी वेळ आहे. मला हे काम एकदाच आणि नीट करायचंय. कार्ड बसवण्याआधी आणि बसवताना काय काय बघावं? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहिलंत तर फार उपकार होतील.

कंट्रोलरूम_काका

प्रश्न वेळेवर विचारलास. कार्ड रेलवर चढवायला खरंच अर्धा तास पुरतो. पण त्या कार्डावरून येणारा आकडा प्रोग्रॅममध्ये कुठे कुठे वापरला जातो, हे शोधायला दोन दिवस गेले तरी ते दे. बॉयलरच्या बाबतीत सगळी सुरक्षितता तिथे आहे.

एक उदाहरण घे. ४-२० मिलीअँपचा चॅनेल एस७-३०० मध्ये ० ते २७६४८ असा आकडा देतो. ४ मिलीअँपला ०, १२ ला १३८२४, २० ला २७६४८. वायर-ब्रेक तपासणी चालू असताना वायर तुटली की कार्ड ३२७६७ हा आकडा देतं. आता बहुतेक जुन्या प्रोग्रॅममध्ये स्केलिंगला (कच्च्या आकड्याचं टक्के वगैरेत रूपांतर करायला) एफसी १०५ हे तयार फंक्शन वापरलेलं असतं. त्याला मर्यादेबाहेरचा आकडा दिला की ते बाहेर वरची मर्यादा काढतं आणि रिटर्न व्हॅल्यूमध्ये ८ हा एरर कोड टाकतं. तो कोड पुढे कुणी वापरलाच नसेल तर काय होतं? ड्रम लेव्हलची वायर तुटते, स्क्रीनवर लेव्हल १०० टक्के दिसते, कंट्रोलरला वाटतं पाणी जास्त झालं, तो फीड वॉटरचा व्हॉल्व्ह बंद करत जातो. ड्रम प्रत्यक्षात रिकामा होत असतो. आणि बगॅसचा बॉयलर म्हणजे फीडर बंद केला तरी ग्रेटवरची आग लगेच विझत नाही. पुढचं मी सांगायला नको.

म्हणून पहिलं काम: प्रोग्रॅम उघड, एफसी १०५ चा प्रत्येक कॉल बघ, रिटर्न व्हॅल्यू कुठे जाते ते बघ. नव्या चॅनेलसाठी तर हे लिहिच, पण जुन्या चॅनेललाही तपास. आकडा खराब आला की लूप (मोजमाप, कंट्रोलर आणि व्हॉल्व्हची साखळी) मॅन्युअलवर जावा, व्हॉल्व्ह आहे त्या जागी थांबावा, ऑपरेटरला ठळक अलार्म यावा आणि तीनपैकी दोनच्या मतदानातून तो ट्रान्समीटर बाजूला व्हावा.

दुसरं, ओबी ८२ (बिघाडाच्या वेळी सीपीयू आपोआप चालवतो तो प्रोग्रॅमचा भाग) आहे का बघ. डायग्नोस्टिक इंटरप्ट चालू केलास आणि सीपीयूमध्ये ओबी ८२ नसेल, तर एक वायर तुटली तरी ३०० चा सीपीयू स्टॉपमध्ये जातो. कार्ड सापडलं नाही आणि प्रोग्रॅम त्याचा पत्ता थेट वाचायला गेला तर ओबी १२२ नसतानाही तेच. यावर लोक उपाय काढतात की दोन्ही ओबी रिकामे टाकून द्यायचे. सीपीयू चालू राहतो खरा, पण खराब आकड्यावर चालू राहतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. मला विचारशील तर रिकामा ओबी ८२ हा न टाकलेल्या ओबीपेक्षा जास्त धोक्याचा. टाक, पण त्यात अलार्म लिही.

पॅनलवाली

काकांनी प्रोग्रॅमचं सांगितलं, मी हार्डवेअरचं सांगते. पुण्यात पॅनल बनवण्याच्या कामात आहे, ३३१ कार्डं खूप हाताळलीत.

या कार्डाच्या बाजूला चार छोटे चौकोनी ठोकळे असतात, मेजरिंग रेंजचे. प्रत्येक ठोकळा दोन चॅनेलच्या एका जोडीसाठी. त्याच्या चार स्थिती: ए म्हणजे थर्मोकपल, आरटीडी (तापमानाचे सेन्सर), बी म्हणजे व्होल्टेज, सी म्हणजे चार-वायर करंट, डी म्हणजे दोन-वायर करंट. कार्ड कारखान्यातून बी वर येतं. ठोकळा स्क्रूड्रायव्हरने हलकेच उचकटून, हवं ते अक्षर कार्डावरच्या बाणासमोर येईल असा फिरवून परत बसवायचा. हे कार्ड रेलवर चढवण्यापूर्वीच करायचं, कारण एकदा शेजारच्या कार्डाला चिकटून बसलं की ठोकळे दिसतही नाहीत. हार्डवेअर कॉन्फिगमध्ये निवडलेला प्रकार आणि ठोकळ्याची स्थिती जुळली नाही तर कार्डावरचा एसएफ (बिघाडाचा) दिवा लागतो.

आता तुझ्या कामाचं. लेव्हल ट्रान्समीटर दोन-वायरचे आहेत, म्हणजे त्यांना लूपमधूनच २४ व्होल्ट लागतात. त्यांची जोडी डी वर. ऑक्सिजन अ‍ॅनालायझरला स्वतःचा २३० व्होल्ट सप्लाय असतो आणि बहुतेक वेळा त्याचं आउटपुट स्वतःच करंट ढकलतं. तो सी वर. एकाच जोडीत लेव्हल आणि ऑक्सिजन टाकलेस तर एकाचा घोटाळा ठरलेला. डी वर चार-वायरचं यंत्र जोडलं की कार्डही २४ व्होल्ट देतं आणि अ‍ॅनालायझरही स्वतःचा करंट ढकलतो. दोन सप्लाय एकमेकांवर. नशीब चांगलं असेल तर नुसता चुकीचा आकडा दिसेल, नाहीतर अ‍ॅनालायझरचं आउटपुट कार्ड जाईल, आणि ते स्वस्त नसतं. अ‍ॅनालायझरच्या मॅन्युअलमध्ये आउटपुट अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह ते नक्की बघ, काहींमध्ये जंपरने बदलता येतं. त्याच्या आउटपुटची मायनस बाजू आतून अर्थ केलेली असेल तर मध्ये सिग्नल आयसोलेटर टाक.

हंगामी_इन्स्ट्रुमेंट

काका, ताई, मनापासून धन्यवाद. ठोकळ्यांचं मला माहीतच नव्हतं.

मग मी असं ठरवलं तर चालेल का: चॅनेल ० आणि १ वर नवे दोन लेव्हल ट्रान्समीटर, चॅनेल २ वर ऑक्सिजन, ३ रिकामा. जुना लेव्हल ट्रान्समीटरही जुन्या कार्डावरून काढून नव्या कार्डाच्या चॅनेल ४ वर घेऊ म्हणतो, म्हणजे तिन्ही एकाच जागी, बघायला सोपं.

कंट्रोलरूम_काका

ते अजिबात करू नकोस. तीन ट्रान्समीटर लावण्याचं कारणच हे की एक बिघडला तर दोन उरावेत. तिन्ही एका कार्डावर घेतलेस तर कार्ड गेलं की तिन्ही गेले. मग तीनपैकी दोनला अर्थ काय राहिला? जुना आहे तिथेच ठेव. नव्यातला एक नव्या कार्डावर घे आणि दुसरा शक्य असेल तर तिसऱ्या कार्डावर. जुन्या कार्डांवर मोकळे चॅनेल असतीलच, शोध. तिन्हींच्या लूपचा २४ व्होल्ट सप्लाय एकाच एमसीबीवरून येतोय का तेही बघ, आणि इम्पल्स लाइनही (ड्रमपासून ट्रान्समीटरपर्यंतची बारीक नळी) बघ. तीन ट्रान्समीटर एकाच टॅपिंगवर असतील तर टॅपिंग चोंदलं की तिघंही एकमुखाने खोटं सांगतील.

पॅनलवाली

काकांना पूर्ण अनुमोदन. आणि चॅनेल ३ नुसता रिकामा सोडू नकोस. कॉन्फिगमध्ये जी जोडी पूर्ण वापरात नाही ती डीअ‍ॅक्टिव्हेट कर आणि चॅनेल ३ ची जोडी ऑक्सिजनमुळे वापरात असल्याने त्याची टर्मिनल मॅन्युअलमध्ये रिकाम्या चॅनेलसाठी दाखवल्याप्रमाणे जोड, नाहीतर तो वायर-ब्रेकचा अलार्म देत बसेल.

पत्त्याचंही सांगून ठेवते. ३०० च्या रॅकमध्ये अ‍ॅनालॉगचे पत्ते स्लॉटप्रमाणे पडतात: स्लॉट ४ ला २५६, ५ ला २७२, ६ ला २८८, ७ ला ३०४, असे सोळा-सोळाने. कार्ड शेवटच्या मोकळ्या जागी लावतोयस ते बरोबरच. मध्ये घुसवलं असतंस तर पुढची कार्डं सरकली असती आणि पत्त्यांची सगळी पडताळणी नव्याने करावी लागली असती.

जुना_वायरमन

मी इलेक्ट्रिकलचा, पण साखर कारखान्यातच आयुष्य गेलं. वरच्या मंडळींनी सगळं बरोबर सांगितलंय. मला बोलायचंय ते माणसाच्या जिवाबद्दल.

पॅनलचा मेन एमसीबी खाली केला म्हणजे पॅनल मेलं असं समजू नका. पीएलसीच्या पॅनलमध्ये यूपीएसचा सप्लाय वेगळ्या वाटेने येतो. एमसीसीकडून (मोटर कंट्रोल पॅनलकडून) इंटरलॉकचे कॉन्टॅक्ट येतात, त्यांच्यावर एमसीसीचा स्वतःचा कंट्रोल व्होल्टेज असतो. पंपाचा रनिंग फीडबॅक, ट्रिपचा फीडबॅक, या सगळ्या वायरींवर दुसरीकडचा फेज जिवंत असतो. नव्या कार्डाच्या वायरी ट्रेमधून नेताना हात नेमका तिथेच जातो. म्हणून जिथून जिथून सप्लाय येतो तिथे तिथे कुलूप आणि टॅग, चावी ज्याने काम करायचं त्याच्याच खिशात. मग मल्टिमीटर आधी जिवंत पॉइंटवर लावून चालतोय याची खात्री करा, मग पॅनलमधलं एकेक टर्मिनल तपासा, आणि शेवटी परत जिवंत पॉइंटवर लावा. मधल्या वेळात मीटर किंवा त्याची लीड बिघडली असेल तर मेलेलं आणि जिवंत दोन्ही शून्यच दाखवतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हार्डवेअर कॉन्फिग डाउनलोड करताना सीपीयू स्टॉपमध्ये जातो. सगळी आउटपुट शून्य होतात. ओव्हरहॉलिंगमध्ये तुम्हाला वाटतं बॉयलर बंदच आहे, काय होणार? पण त्याच वेळी कुणी डँपरच्या लिंकेजला ग्रीस लावत असतो, कुणी आयडी फॅनच्या (धूर ओढणाऱ्या पंख्याच्या) केसिंगमध्ये शिरलेला असतो, कुणी फीड व्हॉल्व्हचं ग्लँड भरत असतो. इन्स्ट्रुमेंट एअर चालू असेल तर सोलेनॉइड सुटला की डँपर जागेवरून हलतो. त्यात बोटं गेलेली मी पाहिली आहेत. डाउनलोडच्या आधी बॉयलरवर प्रत्यक्ष फिरून या, परमिट तपासा, अ‍ॅक्च्युएटरची हवा बंद करून सोडून द्या, आणि मगच बटण दाबा. फोनवर "सगळे बाहेर आहेत ना" विचारणं पुरेसं नाही.

आणि वेल्डिंग. या दिवसांत ट्यूब, डक्ट, सगळीकडे वेल्डिंग चालू असतं. वेल्डरने अर्थचा क्लँप लांबच्या स्ट्रक्चरला लावला की परतीचा करंट मिळेल त्या वाटेने जातो, ट्रान्समीटरच्या बॉडीतून आणि केबलच्या शील्डमधूनसुद्धा. वेल्डिंग संपेपर्यंत नव्या कार्डाचा फ्रंट कनेक्टर लावूच नका. आणि क्लँप वेल्डिंगच्या अगदी जवळ लावायला सांगा.

हंगामी_इन्स्ट्रुमेंट

वायरमन काका, डँपरचं आमच्याकडे कुणीच बोललं नव्हतं. हे मी परमिटमध्ये लिहूनच घेतो. केबल टाकून झाली की मेगर (इन्सुलेशनची चाचणी) करावी का? नवी केबल आहे, साधारण १८० मीटर.

जुना_वायरमन

करा, पण दोन्ही टोकं सोडून. ट्रान्समीटरची वायर काढलेली आणि पॅनलच्या बाजूला फ्रंट कनेक्टर कार्डापासून वेगळा. ५०० व्होल्टचा मेगर कार्डाला लागला तर कार्ड तिथेच संपेल. मेगर झाल्यावर केबल क्षणभर शॉर्ट करून डिस्चार्ज करा.

लोटे_परशुराम

इतकं सगळं वाचून एक विचारतो. आमच्या केमिकल प्लँटमध्ये आम्ही चालू प्लँटमध्ये अ‍ॅनालॉग कार्ड काढतो, नवं लावतो, काही होत नाही. मग सीपीयू बंद कशाला करायचा? हंगामात कार्ड गेलं तर बॉयलर थांबवणार का?

कंट्रोलरूम_काका

तुमची सिस्टिम कोणती ते बघायला हवं. कंट्रोललॉजिक असेल तर ती पॉवर चालू असताना कार्ड काढण्या-घालण्यासाठीच बनवलेली आहे. एस७-४०० तशीच. ईटी २००एम ला अ‍ॅक्टिव्ह बस मॉड्युल लावलेली असतील तर तिथेही चालतं. पण एस७-३०० च्या मुख्य रॅकमध्ये चालत नाही. तिथे कार्डं मागच्या यू आकाराच्या बस कनेक्टरने एकमेकांना जोडलेली असतात, मधलं एक काढलं की पुढची साखळी तुटते. एस७-१२०० ला पण कार्ड लावताना-काढताना पॉवर बंदच लागते.

आणि समजा तुमच्या सिस्टिमला चालतं, तरी बसला धक्का लागत नाही एवढाच त्याचा अर्थ. त्या कार्डावरचे आठ आकडे तेवढ्या वेळात खराब होणारच आहेत. ते आकडे ज्या लूपमध्ये आणि ज्या ट्रिपमध्ये आहेत त्यांची यादी आधी करायची, लूप मॅन्युअलवर, ट्रिपचा बायपास शिफ्ट इन्चार्जच्या लेखी संमतीने, बायपास किती वेळ ते ठरवून, आणि तेवढ्या वेळात गेज ग्लाससमोर एक माणूस वॉकीटॉकी घेऊन उभा. काम झालं की बायपास काढल्याची सही. हे होणार नसेल तर बॉयलर थांबवलेला बरा.

आसवनी_शिफ्ट

थोडं अवांतर, पण अनेक कारखान्यांना जोडून आसवनी असते म्हणून लिहितो. तिथे अल्कोहोलची वाफ असू शकते त्या भागात हेच काम करताना नियम बदलतात. ट्रान्समीटर आणि कार्डाच्या मध्ये बॅरियर (ठिणगी पडेल इतकी ऊर्जा पुढे जाऊ न देणारा) किंवा गॅल्व्हानिक आयसोलेटर लागतो. त्या भागात वापरायच्या उपकरणांना नागपूरच्या पेसोची (स्फोटक सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेची) मंजुरी लागते. नेहमीचा २८ व्होल्ट, ३०० ओहमचा झीनर बॅरियर टाकला तर २० मिलीअँपला एकट्या बॅरियरवर ६ व्होल्ट पडतात. २४ मधून ते गेले, केबलचे आणि कार्डाचे थोडे गेले, आणि ट्रान्समीटरला साधारण १०.५ ते १२ तरी हवेत. हिशेब कागदावर करूनच बॅरियर निवडा. झीनर बॅरियरचं अर्थिंग १ ओहमच्या आत हवं. ते राखणं जमत नसेल तर आयसोलेटरच घ्या. आणि तिथे चालू पॉवरवर कनेक्टर ओढायचा नाही, ठिणगी पडते.

पॅनलवाली

शील्डबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. १८० मीटरवर ते सुटायला नको. शील्ड पॅनलच्या बाजूला क्लँपने पूर्ण गोलाईने पकडून अर्थ बारला, ट्रान्समीटरच्या बाजूला कापून, श्रिंक स्लीव्ह लावून मोकळं. शील्डची लांब शेपटी काढून एका टर्मिनलला बांधतात ते टाळ. ट्रे शक्यतो व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) केबलपासून फूटभर तरी लांब, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात. आयडी, एफडी फॅन व्हीएफडीवर असतील तर याचा फरक लेव्हलच्या ट्रेंडवर स्पष्ट दिसतो.

लोटे_परशुराम

आमच्या कन्सल्टंटने दोन्ही टोकांना अर्थ करायला सांगितलं होतं. उच्च फ्रिक्वेन्सीच्या नॉइजसाठी तेच बरोबर ना?

पॅनलवाली

बरोबर, पण दोन्ही टोकांचं अर्थ पोटेन्शियल एकच असेल तिथे. म्हणजे ट्रेबरोबर चांगला इक्विपोटेन्शियल कंडक्टर नेलेला असेल तर. साखर कारखान्यात बॉयलर एकीकडे, कंट्रोल रूम दुसरीकडे, मध्ये दशकानुदशकं वाढवत नेलेलं अर्थिंग, आणि वर वायरमन काकांनी सांगितलेलं वेल्डिंग. तिथे दोन्ही टोकं बांधली तर शील्डमधूनच करंट वाहायला लागतो. अशा ठिकाणी मी एकाच टोकाला बांधते.

कंट्रोलरूम_काका

आता तपासणीचं. कार्ड लागलं, दिवे हिरवे झाले म्हणजे झालं नाही. कॅलिब्रेटरने ट्रान्समीटरच्या टोकाला ४, ८, १२, १६, २० मिलीअँप दे आणि प्रत्येक वेळी तीन ठिकाणी वाच: पीएलसीतला कच्चा आकडा, स्केल केलेला आकडा, स्क्रीनवरचा आकडा. मग ३.५ आणि २१.५ दे. नामूर एनई ४३ या शिफारशीप्रमाणे ट्रान्समीटर ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर गेला की तो बिघाड सांगतोय असं धरायचं असतं. त्या दोन्ही वेळी अलार्म येतो का, लूप मॅन्युअलवर जातो का बघ. मग वायर खरोखर सोडून बघ. मग एकेक करून दोन ट्रान्समीटर सोड आणि मतदान काय करतं बघ. हे सगळं अग्निप्रदीपनाच्या आधी, ऑपरेटर शेजारी बसवून.

एक शेवटचं. लूप पूर्ण निरोगी असूनही आकडा खोटा असू शकतो. २३ मार्च २००५ ला अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत स्फोट होऊन १५ माणसं गेली, १८० जखमी झाली. तिथल्या टॉवरमध्ये द्रव सुमारे ४८ मीटरपर्यंत चढला होता आणि लेव्हल ट्रान्समीटर ७८ टक्के, तेही कमी होत चाललेलं दाखवत होता. वायर तुटलेली नव्हती, कार्ड खराब नव्हतं. ट्रान्समीटर वेगळ्याच घनतेच्या द्रवासाठी लावलेला होता. तुझ्या ड्रमलाही हेच लागू आहे. ४५ बारला उकळत्या पाण्याची घनता साधारण ७९० किलो प्रति घनमीटर होते, थंड पाण्याची १००० च्या जवळ. नवे दोन ट्रान्समीटर थंड ड्रमवर गेज ग्लासशी जुळवून "बरोबर आहेत" म्हणालास तर प्रेशर आल्यावर ते जुन्याशी जुळणार नाहीत. जुन्याची रेंज कोणत्या हिशेबाने काढलीय, प्रेशर कॉम्पेन्सेशन प्रोग्रॅममध्ये आहे का, ते बघून तिघांना एकच हिशेब लाव.

हंगामी_इन्स्ट्रुमेंट

कार्ड बसलं. नव्या लेव्हलपैकी एक नव्या कार्डावर डी जोडीत घेतला, दुसऱ्यासाठी तिसऱ्या कार्डावर मोकळा चॅनेल मिळाला. डाउनलोडच्या वेळी हवा बंद करून, सगळीकडे फिरून आलो. एफसी १०५ चे जुने कॉल तपासले. सहा ठिकाणी रिटर्न व्हॅल्यू कुठेच वापरलेली नव्हती, त्यात फीड वॉटर फ्लोसुद्धा होता. सगळे दुरुस्त करून घेतोय.

एक अडचण आहे. ऑक्सिजनच्या चॅनेलवर कॅलिब्रेटरने १२ मिलीअँप दिले तर १३८२४ च्या अगदी जवळ आकडा येतो. पण लेव्हलच्या चॅनेलवर तोच कॅलिब्रेटर त्याच सेटिंगला लावला तर आकडा भलताच येतो. कार्ड खराब असेल का?

पॅनलवाली

कार्ड ठीक असावं. कॅलिब्रेटर सोर्स मोडवर आहे ना? ऑक्सिजनची जोडी सी वर आहे, तिथे कार्ड फक्त करंट मोजतं, म्हणून सोर्स मोड बरोबर. लेव्हलची जोडी डी वर आहे, तिथे कार्ड स्वतः २४ व्होल्ट देतं. म्हणजे सोर्स मोडमध्ये दोन सप्लाय एकमेकांसमोर आले. तोच प्रयोग परत करू नकोस. कॅलिब्रेटर टू-वायर सिम्युलेट मोडला ने, ट्रान्समीटरच्या जागी प्लस-मायनस बघून लाव आणि मग १२ दे.

हंगामी_इन्स्ट्रुमेंट

ताई, सिम्युलेटवर घेतलं, १३८२१ आला. ४, ८, १६, २० पण बरोबर. उद्या वायरी सोडून मतदानाची चाचणी घेतोय, तिन्ही शिफ्टच्या ऑपरेटरांना बोलावलंय. ठोकळ्यांची स्थिती आणि चॅनेलची यादी लॅमिनेट करून पॅनलच्या दाराला आतून लावली, ड्रॉइंगवर पण लाल शाईने चढवली.